नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



आपल्या मराठी भाषेत एक चमत्कारिक गोष्ट आहे. बारशाच्या दिवशी वडील मंडळी बाळाचे नाव ठेवितात, तेव्हा पाळण्याभोवती आनंद असतो. त्याच शब्दावर एक मात्रा चढली आणि कोणी शेजाऱ्यास नावे ठेवू लागला, की तो आनंद मावळतो व कलहास आरंभ होतो. पहिल्या कृतीने आपण दुसऱ्यास हाक मारण्याची सोय करितो. दुसरीने त्याच्याशी बोलण्याची गरजच उरू नये, अशी सोय करितो. ह्या एका मात्रेएवढ्या अंतराचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे. आणि तोही आपल्याच घरातील, म्हणजे एकाच प्रभूस मानणाऱ्या परंतु निरनिराळ्या मतांच्या ख्रिस्ती बांधवांविषयी.

विषय सुचण्यास कारण झाले ते असे. आठव्या इयत्तेतील दोन विद्यार्थी, नात्याने चुलतभाऊ, एकाच वाडीतून शाळेस येत व एकाच डब्यातील भाकरी वाटून खात. एकाचे घर पिढ्यान्‌पिढ्या जुन्या मंडळीचे. दुसऱ्याचे वडील काही वर्षांपासून एका नव्या प्रार्थनासंघात जाऊ लागले होते. तेथे टाळ्या वाजवून गाणी म्हणतात, हात उंचावून सर्वजण एकदम मोठ्याने प्रार्थना करितात, आणि वयात आल्यावर पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतात. पुढे दोघांचे आजोबा वारले. मातीच्या वेळी प्रार्थना कोणत्या रीतीने व्हावी ह्यावरून दोन्ही घरांत बोलाचाली झाली, आणि एकाच बापाचे दोन पुत्र कबरेच्या दोन बाजूंस तोंडे फिरवून उभे राहिले. त्यानंतरच्या सोमवारी मधल्या सुटीत एकाने दुसऱ्यास "हालेलूयावाला" म्हटले, दुसऱ्याने त्यास "नामधारी" म्हणून उत्तर दिले, आणि भाकरीचा डबा अंगणात उपडा झाला.

मुलांस शिक्षा करण्याचे माझ्या मनात आले होते. परंतु हे शब्द मुलांचे नव्हते. घरी पेरले ते शाळेत उगवले होते. म्हणून मी दोघांच्या हाती एकेक कागद दिला व सांगितले की, "तुझ्या भावाच्या घरचे लोक काय मानितात, ते तू लिही." त्या कागदांचे काय झाले, ते पाठाच्या शेवटी सांगेन. प्रथम ही नावे येतात कोठून, ते पाहू.

१. शास्त्रातील धडा

"ख्रिस्ती" हे आपले नावच मुळी पहिल्या शिष्यांनी स्वतः घेतलेले नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात सांगितले आहे की, अंत्युखिया नगरात शिष्यांस प्रथम ह्या नावाने संबोधण्यात आले. ते आपापसांत एकमेकांस बंधू, शिष्य, पवित्र जन असे म्हणत. बाहेरच्यांनी दिलेले नाव पुढे त्यांनी अभिमानाने धारण केले, ही गोष्ट निराळी. परंतु आपल्या धर्माचे नाव हाच एके काळी दुसऱ्यांनी मारलेला शिक्का होता, हे विसरू नये.

खुद्द प्रभूवरही असे शिक्के मारण्यात आले. योहानाच्या शुभवर्तमानात विरोधकांनी त्यास शोमरोनी म्हणून हिणविल्याचे लिहिले आहे. यहूदी लोकांच्या तोंडी हा शब्द म्हणजे परधर्मी, भ्रष्ट, अस्पृश्य अशा सर्व अर्थांची एक गाठोडीच होती. प्रभूने त्या शब्दाचा राग धरिला नाही. उलट लूकाच्या शुभवर्तमानातील प्रसिद्ध दृष्टांतात, वाटेवर जखमी होऊन पडलेल्या मनुष्याचा खरा शेजारी कोण, हे दाखविण्यासाठी त्याने शोमरोनी मनुष्यच निवडिला. याजक गेला, लेवी गेला. त्या दोघांची नावे चांगली होती. थांबला तो वाईट नावाचा मनुष्य. आज आपण एखाद्या परोपकारी गृहस्थास चांगला शोमरोनी म्हणतो, तेव्हा एके काळी ही शिवी होती हे आपल्या ध्यानातही नसते.

तसाच नथनेलाचा प्रसंग. येशू नासरेथचा आहे एवढे ऐकताच, त्या गावातून काही चांगले निघण्याजोगे आहे काय, अशी शंका त्याने काढिली. फिलिप्पाने वाद घातला नाही. चलून स्वतः पाहावे, एवढेच त्यास सांगितले. गावाच्या नावावरून केलेला निकाल मनुष्याच्या भेटीने फिरला. हा उपाय साधा आहे; परंतु दोन हजार वर्षांत ह्याहून चांगला कोणास सापडलेला नाही.

मंडळीतील तटांचा पहिला वृत्तान्त करिंथ येथील आहे. पौलाने त्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रावरून असे दिसते की, तेथे कोणी स्वतःस पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, तर कोणी ख्रिस्ताचा. येथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक अशी की, पौलाने प्रथम कान उपटले ते स्वतःचे नाव घेणाऱ्या पक्षाचे. दुसरी अशी की, केवळ ख्रिस्ताचा म्हणविणारा चौथा पक्षही त्याने त्याच यादीत घातला आहे. "आम्हांस कोणताच पंथ नाही, आम्ही निव्वळ ख्रिस्ती," असे म्हणताना जर इतर सर्व कमी प्रतीचे ख्रिस्ती असे सुचवावयाचे असेल, तर तेही एक नाव ठेवणेच होय. इतकेच की, त्यास फार सुंदर वेष्टन आहे.

रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात तर आपल्या घरोघरच्या तंट्याचेच वर्णन आहे. कोणी सर्व काही खातो, कोणी केवळ शाकभाजी खातो. कोणी एक दिवस पवित्र मानितो, कोणी सर्व दिवस सारखे मानितो. खाणारा न खाणाऱ्यास तुच्छ लेखी आणि न खाणारा खाणाऱ्यास दोषी ठरवी. पौलाने ह्या प्रश्नांवर सर्वांनी एकमत व्हावे असा हुकूम काढिला नाही. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, आणि दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारे आपण कोण, हे स्वतःस विचारावे, असा त्याचा बोध आहे.

२. नावांचा उगम

आज आपण सहज उच्चारतो त्या पंथनामांपैकी कितीतरी प्रथम थट्टेने किंवा रागाने दिलेली होती. इ. स. १६५० साली इंग्लंडात जॉर्ज फॉक्स न्यायाधीशापुढे उभा असता, त्याने देवाच्या वचनापुढे थरथर कापावे असे म्हटले. त्यावरून न्यायाधीशाने त्यास व त्याच्या सोबत्यांस कापरे भरणारे अशा अर्थाचे "क्वेकर" हे नाव दिले. ते लोक स्वतःस मित्रसंघ म्हणवितात. अठराव्या शतकात ऑक्सफर्ड येथे जॉन व चार्ल्स वेस्ली आणि त्यांचे सोबती नेमाने प्रार्थना, उपास व बंदिवानांच्या भेटी करीत. त्यांच्या नेमस्तपणाची टवाळी करण्यासाठी इतर विद्यार्थ्यांनी त्यांस "मेथडिस्ट" म्हटले. मार्टिन लुथर याने तर १५२२ साली आपल्या अनुयायांस विनविले होते की, त्यांनी माझ्या नावाने स्वतःस ओळखू नये, ख्रिस्ती म्हणवून घ्यावे. त्याचे ऐकले कोणी? आज जगभर कोट्यवधी लोक लुथरन म्हणवितात. "प्रॉटेस्टंट" हा शब्द १५२९ साली जर्मनीतील श्पायर येथील सभेत काही राजांनी व चौदा नगरांनी केलेल्या निषेधावरून निघाला.

ह्यावरून दिसते की, नाव हे बहुधा एका भांडणाच्या वेळी जन्मते. भांडण संपते, त्यातील माणसे मातीस मिळतात, पण नाव मागे उरते. आणि पुढील पिढी त्या नावातच भांडणाचे कारण शोधू लागते.

३. आपल्या तालुक्यांकडे ही नावे कशी आली

आम्हां जुन्नरकरांस नावांचा हा खेळ नवा नाही. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत तीन दात्यांनी स्वतःस "यवन" म्हणविले आहे. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला, आणि चंद नावाच्या यवनाने एका लेण्याच्या दर्शनी भागाचे दान केले. त्या काळी यवन म्हणजे ग्रीक वंशाचा किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. पुढे आपल्याच मराठी ग्रंथांत हा शब्द मुसलमानांस लावू लागले. शब्द एकच, परंतु त्याच्याखाली उभा केलेला मनुष्य पार बदलला. त्या दात्याची श्रद्धा काय होती हे "यवन" ह्या शब्दावरून कोणास कळणार? ती कळते त्याने खोदविलेल्या टाक्यावरून.

ख्रिस्ती पंथांची नावेही ह्या मुलखात अशीच दूरवरून चालत आली. इंग्लंडातील चर्च मिशनरी सोसायटीने १८४६ साली जुन्नर येथे आपले ठाणे घातले. ही सोसायटी इंग्लंडच्या राष्ट्रीय मंडळीची. म्हणून जुन्नरकडील ख्रिस्ती लोक अँग्लिकन झाले. त्यांना बिशपची व्यवस्था मिळाली, छापील प्रार्थनापुस्तक मिळाले, बालकांचा बाप्तिस्मा मिळाला. आता आळेफाट्यावरून पूर्वेस निघून आणे घाट ओलांडा आणि त्या काळच्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास जा. तेथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे लोक होते. ते काँग्रिगेशनल मताचे. प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, वर बिशप नको, असे त्यांचे मत. म्हणून तिकडील ख्रिस्ती काँग्रिगेशनल झाले. कोल्हापुराकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन आले. म्हणून तेथील लोक प्रेसबिटेरियन. पश्चिमेस घाट उतरून वसईकडे गेलात तर पोर्तुगीजांच्या काळापासूनचे रोमन कॅथलिक भेटतील. त्या वसईच्या मोहिमेतून आलेली मानली जाणारी मोठी घंटा आपल्या आंबेगाव-खेडकडील भीमाशंकराच्या देवळात आजही लोक पाहतात.

आता विचार करा. घाटाच्या अलीकडील शेतकऱ्याने अँग्लिकन व्हावे आणि पलीकडील त्याच्या सोयऱ्याने काँग्रिगेशनल व्हावे, ह्याचे कारण काय? एकाने बिशपपदाविषयीचे सर्व ग्रंथ वाचून होकार दिला व दुसऱ्याने वाचून नकार दिला, असे घडले काय? मुळीच नाही. ज्याच्या गावी जो धर्मोपदेशक प्रथम पोहोचला, त्याचा पंथ तो ह्याचा पंथ झाला. मिशनांनी आपापसांत प्रदेश वाटून घेतले होते, ही गोष्ट एका दृष्टीने शहाणपणाची होती, कारण त्यामुळे एकाच गावात दोन मिशनांची ओढाताण टळे. परंतु तिचा अर्थ असा की, आपल्या वाडवडिलांवरील शिक्का हा पुष्कळदा श्रद्धेचा नसून रस्त्याचा होता.

आणि त्या शिक्क्याखालील माणसे तरी एका साच्याची होती काय? चर्च मिशनरी सोसायटीने १८०४ साली आफ्रिकेत पाठविलेले अगदी पहिले दोन धर्मोपदेशक जर्मन लुथरन होते. पुढेही कित्येक वर्षे स्वित्झर्लंडातील बासेल येथे शिकलेले जर्मन तिच्या चाकरीत येत राहिले. अँग्लिकन म्हणून जी शिकवण आली, तिच्यात लुथरचा अंश होताच.

याहून विलक्षण गोष्ट स्कॉटिश मिशनची. मुंबईत डॉक्टर जॉन विल्सन व पुण्यात त्यांचे सहकारी काम करीत असता १८४३ साली स्कॉटलंडात मोठी फूट पडली. वादाचे मुख्य कारण असे की, एखाद्या मंडळीस नको असलेला पाळक तिच्यावर लादण्याचा अधिकार तेथील जमीनदार आश्रयदात्यास असावा की नसावा. विल्सनसाहेबांनी नव्या स्वतंत्र मंडळीचा पक्ष घेतला, आणि मुंबईत एका स्कॉटिश शाळेच्या जागी दोन झाल्या. स्कॉटलंडातील ही फूट बहुतांशी १९२९ साली भरून निघाली. परंतु मधल्या काळात मराठी ख्रिस्ती मनुष्यास "तू कोणत्या स्कॉच मंडळीचा?" असे विचारले जाई, तेव्हा त्याने काय उत्तर द्यावे? ज्या जमीनदाराचे नावही त्याने ऐकले नव्हते, त्याच्या हक्काचा तंटा त्याच्या कपाळी लिहिला गेला होता.

४. केडगावचे उदाहरण

अशा वेळी आपल्याच पुणे जिल्ह्यातील एका थोर स्त्रीने काय केले, ते मुलामुलींनी अवश्य जाणून घ्यावे. पंडिता रमाबाई १८८३ साली शिक्षणासाठी इंग्लंडात गेल्या व त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे, अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयास असता, त्यांनी व त्यांची लहान कन्या मनोरमा हिने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्ममाता सिस्टर गेरल्डिन यांना रमाबाई प्रेमाने "आजीबाई" म्हणत. परंतु प्रेम असूनही दोघींत मोठा वाद झाला, आणि तो पत्रांतून वर्षानुवर्षे चालला. ती पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत.

वाद कशाचा होता? काही गोष्टी गहन होत्या: त्रैक्याचा सिद्धान्त, पुरातन मतांगीकार, मंडळीच्या अधिकाऱ्यांची आज्ञा कोठवर मानावी. रमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे की, आपल्या देशातील पुरोहितांचे जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले आहे, तर दुसरे तसलेच जू न तपासता घेणार नाही. पवित्र शास्त्रात जे मला दिसेल ते मी मानीन. काही गोष्टी लहान होत्या, परंतु त्यांनीच मने अधिक दुखावली. रमाबाई शाकाहारी होत्या व अंडी घातलेले पक्वान्नही घेत नसत. सिस्टर गेरल्डिन यांस ह्यात जातीचा जुना अभिमान दिसला. रमाबाईंस त्यात केवळ आपल्या देशाची निरुपद्रवी रीत दिसत होती. ख्रिस्ती होणे म्हणजे इंग्रज होणे नव्हे, असे त्यांचे मत होते. रोमकरांस पत्राचा तो चौदावा अध्याय जेवणाच्या टेबलावर पुन्हा उघडला होता, म्हणा ना!

येथे एका बाईस दुष्ट व दुसरीस संत ठरवू नये. तसे केल्यास आपणही नावेच ठेवीत आहो. सिस्टर गेरल्डिन यांस आपल्या धर्मकन्येच्या आत्म्याची खरी काळजी होती, आणि ती सर्व पत्रे, स्वतःस कमीपणा आणणारीदेखील, त्यांनीच जपून ठेविली. चूक झाली ती एवढीच की, "हट्टी" व "गर्विष्ठ" हे शब्द मनात ठरल्यावर रमाबाईंचा प्रत्येक प्रश्न त्या शब्दांचा पुरावा म्हणून वाचला जाऊ लागला.

पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी सांगितले आहे की, ख्रिस्ती देशांत पंथांचा बाबेलसारखा गोंधळ व प्रत्येकाची शिकवण दुसऱ्याहून किती भिन्न, हे पाहून त्यांचे मन किती गोंधळून गेले. केडगाव येथील मुक्तिसदनात त्यांनी कोणत्याही एका पंथाची पाटी लाविली नाही. निरनिराळ्या मंडळ्यांचे लोक तेथे येऊन काम करीत. १९०५ साली तेथे जी धर्मजागृती झाली, तीत शेकडो मुली व बायका एकदम मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापे कबूल करीत. शांतपणे उपासना करण्याची सवय असलेल्या कित्येकांनी नाके मुरडली. स्वतः अँग्लिकन उपासनेत बाप्तिस्मा पावलेल्या रमाबाईंनी मात्र त्या जागृतीचा पक्ष घेतला. तेव्हा ज्यांस आज आपण थट्टेने "हालेलूयावाले" म्हणतो, त्यांच्या रीतीसारखी रीत आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच थोर पंडितेच्या छपराखाली, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नांदून गेली आहे. आणि ज्यांस आज "नामधारी" म्हणून हिणवितात, त्यांच्याच मंडळीच्या पाण्याने रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला होता.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचेही उदाहरण लक्षात घ्यावे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अमेरिकन मिशनची चाकरी केली. परंतु १९१७ साली ती सोडून "देवाचा दरबार" स्थापिला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांस जागा ठेविली. त्यांच्या ह्या मार्गाविषयी मतभेद असू शकतो. परंतु मनुष्यास दाराबाहेर उभे करून त्याच्या अंगावरील शिक्का वाचीत बसणे त्यांस पसंत नव्हते, हे निश्चित.

५. भेद खरे आहेत

इतके वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, "तर मग सर्व पंथ सारखेच, भेद बोलूच नयेत." हा निष्कर्ष सोपा आहे, पण खरा नाही. बालकास बाप्तिस्मा द्यावा की समजत्या वयात स्वतःच्या विश्वासाने घ्यावा. प्रभुभोजनात भाकर व द्राक्षारस यांचे काय होते. मंडळीवर अधिकार कोणाचा. ह्या प्रश्नांसाठी प्रामाणिक माणसांनी घरदार सोडिले व प्राणही दिले. त्यांस काहीच फरक पडत नाही असे म्हणणे म्हणजे त्यांच्या प्रामाणिकपणाचा अपमान होय. भेद सांगण्यास नावे लागतातच. नाव नसेल तर आपण कोठे उभे आहो, हे सांगता कसे येणार?

उत्तर हिंदुस्थानच्या मंडळीचा इतिहास येथे मार्गदर्शक आहे. निरनिराळ्या मंडळ्यांनी एक व्हावे म्हणून १९२९ साली लखनौ येथे बोलणी सुरू झाली. ती पुरी होण्यास एकेचाळीस वर्षे लागली. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत अँग्लिकन होते. काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन यांची आधीच १९२४ साली एक झालेली संयुक्त मंडळी होती. बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स व ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते. अमेरिकन परंपरेची मोठी मेथडिस्ट मंडळी ऐन वेळी बाहेर राहिली. म्हणजे जुन्नरकडील अँग्लिकन परंपरा व घाटापलीकडील काँग्रिगेशनल परंपरा यांचे शिक्के एका पिढीच्या डोळ्यांदेखत पुसले गेले.

एकेचाळीस वर्षे कशास लागली? कारण त्यांनी भेद झाकले नाहीत. उदाहरणार्थ, बाप्तिस्म्याचा प्रश्न घ्या. बालकांचा बाप्तिस्मा मानणारे व केवळ विश्वासणाऱ्या प्रौढांचा बाप्तिस्मा मानणारे, दोघांनी एकमेकांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकिले, आणि नव्या मंडळीत दोन्ही रीतींस मान्यता दिली.

रोमन कॅथलिक मंडळीतही असाच पालट झाला. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्याविषयी जो ठराव केला, त्यात इतर ख्रिस्ती लोकांस विभक्त बंधू म्हटले, आणि त्यांची खरी स्थिती दाखवीत नाहीत असे शब्द व असे निकाल टाकून द्यावे असा उपदेश केला. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथलिक व लुथरन प्रतिनिधींनी विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या सिद्धान्ताविषयी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सोळाव्या शतकात एकमेकांवर उच्चारलेले निषेध, त्या जाहीरनाम्यात मांडिलेल्या शिकवणीस लागू पडत नाहीत, असे दोघांनी कबूल केले. चारशे वर्षांहून अधिक काळ दोघे एकमेकांस जे म्हणत होते, ते पुष्कळ अंशी समोरच्याच्या आजच्या विश्वासाचे चित्र नव्हते.

६. मग काय करावे?

आपल्या संतांच्या कथांत नरहरी सोनाराची गोष्ट हिंदू घरांतील मुलांस ठाऊक असेलच. नरहरी कट्टर शैव. विठ्ठलाचे दर्शन घ्यावयाचे नाही असा त्याचा नेम. विठ्ठलाच्या कमरेचा करगोटा करून देण्याचे काम आले, तेव्हा मूर्ती दिसू नये म्हणून तो डोळ्यांस पट्टी बांधून माप घेण्यास गेला. हातांनी चाचपले तो त्यास शंकराची चिन्हे लागली. पट्टी काढली तो विठ्ठल दिसला. कथेचा धार्मिक अर्थ ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. आपल्या पाठापुरता अर्थ असा की, ती पट्टी मूर्तीच्या अंगावर नव्हती, पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर होती. दुसऱ्यास चिकटविलेले नाव पुष्कळदा असेच आपल्या स्वतःच्या डोळ्यांवर बांधलेले असते.

तेव्हा विद्यार्थ्यांनी पुढील चार गोष्टी मनात धराव्या.

पहिली: जे नाव मनुष्य स्वतः घेतो, त्याच नावाने त्यास हाक मारावी. टोपणनावाने पंथ ओळखू नये.

दुसरी: दुसऱ्याचे मत सांगताना अशा शब्दांत सांगावे की, तो समोर बसला असता त्याने मान हालवून "होय, आम्ही असेच मानितो," असे म्हणावे. मग खुशाल मतभेद दाखवावा. त्याला ओळखू येणार नाही असे चित्र काढून ते फाडण्यात काय पुरुषार्थ?

तिसरी: एका माणसाचा दोष त्याच्या सर्व मंडळीवर घालू नये, आणि आपल्या मंडळीतील एका सज्जनाचा गुण आपल्या सर्वांच्या पदरी बांधू नये.

चौथी, आणि ही मुख्यत्वे पालकांसाठी: जेवताना, प्रवासात, लग्नकार्यात दुसऱ्या मंडळीविषयी जो शब्द आपण सहज उच्चारतो, तो मुलाच्या कानी पडतो. मुलास वादातील शास्त्रार्थ कळत नाही; त्यास फक्त शब्दाचा कडवटपणा कळतो, आणि तेवढाच तो शाळेत घेऊन येतो.

आता त्या दोन कागदांचे सांगतो. एकाने लिहिले होते, "ते लोक बायबल वाचीत नाहीत, नुसत्या टाळ्या वाजवितात, आजारी पडले तर औषध घेत नाहीत." दुसऱ्याने लिहिले होते, "त्यांची प्रार्थना पुस्तकातली आहे, मनातली नाही. लहानपणी डोक्यावर पाणी घातले की झाले ख्रिस्ती." मी कागदांची अदलाबदल केली व ज्याच्याविषयी लिहिले होते त्याच्या हाती दिले. पहिला कागद वाचून एकजण म्हणाला, "गुरुजी, माझी आई रोज पहाटे बायबल वाचते. आणि पावसाळ्यात धाकटीला ताप आला तेव्हा बाबांनीच तिला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता." दुसरा बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आजी ती पुस्तकातली प्रार्थना म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांना पाणी येते. आजोबांच्या मातीच्या दिवशीही तीच म्हणत होती."

मी दोघांस पुन्हा कागद दिले. ह्या वेळी लिहिण्यास अधिक वेळ लागला, कारण प्रत्येक वाक्यास एकमेकांस विचारावे लागत होते. बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर त्यांचे एकमत झाले नाही; आठव्या इयत्तेतील मुलांकडून ती अपेक्षाही नव्हती. परंतु घंटा झाली तेव्हा एकाच बाकावर बसून ते एकाच डब्यातील भाकरी खात होते. त्या आठवड्याच्या अखेरीस दोन्ही कागद त्यांनी घरी नेले. आजीने ते दोन्ही मुलांकडून दोनदा वाचवून घेतले, असे मला कळले.

वडील मंडळींनी ते वाचले की नाही, हे मी विचारले नाही. ह्या लेखाचे वाचन मात्र त्यांनी करावे, अशी नम्र विनंती आहे.